ताई, जरा विचारायचं होतं : मुलीचे मार्क बघण्याआधी तिचा दिवस बघा

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की आठवी ते बारावीच्या मुलींबद्दल घरात जे काही अडलंय ते बिनधास्त लिहा. पत्रं आली, मेसेज आले, काही जणींनी तर व्हॉइस नोट पाठवल्या कारण लिहायला वेळ नाही. सगळं वाचून-ऐकून झाल्यावर एक गोष्ट फार जाणवली. मुलीचे मार्क कमी झाले की घरात पहिला आरोप मोबाइलवर होतो, मग क्लासवर, मग तिच्या स्वभावावर. तिच्या अंगात रक्त किती आहे, रात्री झोपते किती, शाळेत पाणी पिते का, घरी आल्यावर तिच्या हातात पुस्तक येतं की झाडू, हे क्वचितच एखाद्या पत्रात होतं. मी स्वतः २६ वर्षं मुंबईत शाळेत शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं मीही हे विचारलं नाही, म्हणून आज जास्त कळकळीने लिहितेय.

प्रश्न : ताई, आम्ही कन्नमवार नगरला राहतो, मुलगी नववीत आहे. सातवीपर्यंत पहिल्या पाचात असायची, आता गणितात जेमतेम पास. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि झोपते, तीन मजले चढली की धाप लागते म्हणते, डोकं दुखतं, केस गळतात. मागच्या आठवड्यात डब्यातले कच्चे तांदूळ खाताना पकडलं तिला. सासूबाई म्हणतात मोबाइलची थेरं आहेत, मिस्टर म्हणतात क्लास बदलू. काय करू?
— एक आई, विक्रोळी

उत्तर : क्लास बदलू नका, आधी रक्त तपासा. तुम्ही शेवटी सहज लिहिलंत ना कच्च्या तांदळाचं, मला तर तिथेच उत्तर दिसलं. कच्चे तांदूळ, खडू, माती, बर्फ असलं खावंसं वाटणं हे बऱ्याचदा अंगात लोह कमी पडल्याचं लक्षण असतं. त्यात धाप, डोकेदुखी, गळणारे केस आणि दुपारची ती मेल्यासारखी झोप. हे सगळं एकत्र दिसलं की मुलीला आळशी म्हणायचं नाही, सरळ सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी, करून घ्यायची. साधी टेस्ट आहे, पालिकेच्या दवाखान्यात होते, ‘आपला दवाखाना’ नावाचे दवाखाने आहेत तिथेही विचारा, संध्याकाळी उघडा असतो त्यामुळे कामावरून आल्यावर नेता येतं.

तुमची मुलगी एकटी नाहीये हो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींमागे ५९ जणींना ॲनिमिया, म्हणजे अंगात रक्त कमी, निघाला, म्हणजे वर्गातल्या निम्म्याहून जास्त बाकांवर हेच. आणि याच वयात का, तर एकीकडे उंची झपाझप वाढत असते, अंगात रक्त जास्त लागतं, आणि नेमकी तेव्हाच पाळी सुरू होते, दर महिन्याला रक्त जातं. खर्च दोन्ही बाजूंनी आणि जमा काय, तर सकाळी चहा-खारी. लोह कमी म्हणजे मेंदूला ऑक्सिजन कमी पोचतो, लक्ष टिकत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, आणि गणितात तर ते सगळ्यात आधी दिसतं कारण तिथे पाच मिनिटं सलग डोकं लावावं लागतं.

रिपोर्ट आला की हिमोग्लोबिनचा आकडा बघा. या वयाच्या मुलीला १२ किंवा वर हवं. ११ ते १२ च्या मध्ये असेल तर सौम्य, ८ ते ११ मध्यम, आणि ८ च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, उद्या-परवा नाही. औषध डॉक्टरच देतील, पण दोन गोष्टी सांगून ठेवते कारण घरोघरी इथेच गाडी अडते. एक म्हणजे लोहाच्या गोळीने शौच काळी होते, ते नॉर्मल आहे, घाबरून गोळी बंद करू नका. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घेऊ दे. दुसरं म्हणजे महिन्याभरात मुलगी टवटवीत दिसायला लागते आणि आपण गोळ्या सोडून देतो, तसं करायचं नाही. आकडा १२ वर गेला तरी अंगातला साठा भरायला अजून दोन-तीन महिने लागतात. आणि गोळ्या नीट घेऊनही आकडा हललाच नाही तर डॉक्टरांना बी-१२ जीवनसत्त्व आणि थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्तातला सौम्य दोष, यांबद्दल स्वतःहून विचारा.

तिला शाळेत सोमवारी निळी गोळी मिळते का हेही विचारा. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची ही गोळी द्यायची योजना आहे, ६० मिलिग्रॅम लोह असतं तिच्यात, आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुली ती निळी गोळी खिडकीबाहेर टाकायच्या कारण उपाशीपोटी घेतली की पोटात ढवळायचं. मग मी सोमवारी मधल्या सुट्टीनंतर, डबा खाल्ल्यावर द्यायला लागले तेव्हा कुठे पोटात जायला लागली.

खाण्याचं म्हणाल तर महाग काही नको. मटकी नाहीतर काळ्या वाटाण्याची उसळ आणि वर लिंबू पिळायचं, लिंबू विसरायचं नाही, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागतं. पेरू, आवळा तेच काम करतात. लाल माठ, बाजरीची भाकरी, अळिवाचे लाडू, खात असाल तर सुकट, जवळा, अंडं, कलेजी. भाजी लोखंडी कढईत करा. आणि जेवणाबरोबर चहा बंद, आधी-नंतर तासभर तरी गॅप ठेवा, चहा लोह अडवतो. आणि ताई, एक मनावर घ्या, तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं ते बघा. मी कितीतरी घरांत बघितलंय, उसळीतले दाणे आधी बाबांच्या आणि भावाच्या ताटात जातात आणि मुलीला नुसता रस्सा उरतो. तुमच्याकडे तसं नसेलही, पण बघा.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिसऱ्या तासाला झोपायची. मी तिला दोनदा उभं केलं, एकदा तर वर्गाबाहेर. पुढे शाळेत आरोग्य तपासणी झाली तेव्हा तिचं हिमोग्लोबिन ७.२ निघालं. ती पोर त्या अंगाने रोज वीस मिनिटं चालत शाळेत येत होती आणि मी तिला शिक्षा देत होते. त्याबद्दल मी तिची माफी मागितली, पण अजून आठवलं की गिळवत नाही.

प्रश्न : ताई, मी आठवीत आहे. मला पाळीत खूप दुखतं, आई म्हणते घरी बस, म्हणून दर महिन्याला दोन-तीन दिवस शाळा बुडते. आणि खरं सांगू तर शाळेच्या बाथरूमला कडी नाहीये आणि पाणीपण कधीकधी नसतं, त्यामुळे मी शाळेत पाणीच पीत नाही. सायन्सच्या मॅडम म्हणाल्या तुझी हजेरी कमी आहे. मी काय करू, कोणाला सांगू? नाव छापू नका प्लीज.
— भांडुप

उत्तर : बाळा, नाव नाही छापलं. आणि तू लिहिलंस ते फार बरं केलंस, कारण हाच प्रश्न शेकडो मुलींना आहे आणि त्या लिहीत नाहीत.

आधी दुखण्याचं. पहिल्या एक-दोन दिवशी ओटीपोटात दुखणं, कंबर भरून येणं हे होतं, पण शाळा बुडेल इतकं दर महिन्याला दुखणं हे ‘बायकांना सोसावंच लागतं’ म्हणून सोडून द्यायचं नाही, त्यावर उपाय असतात. गरम पाण्याची पिशवी, नसेल तर बाटलीत गरम पाणी भरून टॉवेलात गुंडाळ. झोपून राहण्यापेक्षा थोडं चाललं, अंग ताणलं तर बरं वाटतं. दुखण्यावर गोळ्यापण असतात, त्या दुखायला लागल्या लागल्या आणि काहीतरी खाऊन घेतल्या तर छान काम करतात, सहन होईनासं झाल्यावर घेतल्या तर तेवढा उपयोग होत नाही. पण कुठली आणि किती ते आईला घेऊन डॉक्टरांकडे जाऊन विचार, मेडिकलवाल्याला नाही. दमा असेल किंवा ॲसिडिटी होत असेल तर तेही सांग. सरकारी हॉस्पिटलमध्ये ‘मैत्री’ नावाचं क्लिनिक असतं, खास तुमच्या वयाच्या मुलामुलींसाठी, तिथे हे सगळं न लाजता विचारता येतं.

सुरुवातीची दोन वर्षं तारखा मागेपुढे होतात, त्याचं टेन्शन घेऊ नकोस. पण तास-दोन तासात पॅड पूर्ण भिजत असेल, सात दिवसांच्या वर रक्त जात असेल, किंवा तीन-तीन महिने पाळीच येत नसेल, तर दाखवायचं. कॅलेंडरवर नाहीतर वहीच्या मागे तारीख लिहित जा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

दप्तरात एक छोटी पिशवी कायम ठेव, दोन पॅड, एक निकर, जुना पेपर. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, कमी भिजलं असलं तरी. कापड वापरत असशील तर काही वाईट नाही, फक्त साबणाने धुऊन उन्हात वाळव. चाळीत जागा नसते, लाज वाटते म्हणून मुली ओढणीखाली, काळोखात वाळत घालतात आणि ते ओलसर राहिलं की खाज, इन्फेक्शन सुरू होतं. आईला सांग, ताईने सांगितलंय, दोरीवर उन्हातच घालायचं.

आता पाण्याचं, आणि इथे मला खरंच राग येतो, तुझ्यावर नाही. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत पाण्याचा थेंब नाही म्हणजे डोकं दुखणार, गणित सुचणार नाही, आणि लघवी दाबून धरलीस तर जळजळ होऊन ताप येणार. मुंबईत बायकांनी २०११ मध्ये ‘राइट टू पी’ म्हणून स्वच्छतागृहाच्या हक्कासाठी मोहीमच काढली, मोठ्या मोठ्या बायका यासाठी भांडल्या, तर तू सांगायला लाजायचं काय कारण? कडी बसवायला किती खर्च येतो गं! एकटीने सांगू नकोस, वर्गातल्या आठ-दहा जणी मिळून मुख्याध्यापकांना साध्या वहीच्या कागदावर लिहून द्या : मुलींच्या बाथरूमला कडी नाही, पाणी नसतं, कचऱ्याचा डबा नाही. खाली सह्या आणि तारीख. एक झेरॉक्स आपल्याकडे. शिक्षण हक्क कायद्यात मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असलंच पाहिजे असं लिहिलंय. सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, त्यातली कुणाची तरी आई तुमच्या ओळखीची निघेलच, तिला पुढे घाला. आणि हजेरीचं सायन्सच्या मॅडमना खरं कारण सांग. मॅडम आहेत त्या, त्यांनाही हे सगळं होऊन गेलंय.

प्रश्न : नात १२ वर्षांची आहे, डॉक्टरांनी गर्भाशयाच्या कॅन्सरची लस द्या म्हटलं. शेजारीण म्हणते एवढ्या लहान वयात कशाला, लग्नानंतर बघू, पुढे मूल होणार नाही. सून गोंधळली आहे.
— एक आजी, गिरगाव

उत्तर : आजी, द्या. ही लस लहान वयातच जास्त काम करते, हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याच्याशी संबंध येण्याच्या आधी, लग्नानंतर दिली तर तेवढा फायदा राहत नाही. ९ ते १४ वयात साधारण सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस देतात, १५ नंतर सुरू केली तर तीन, म्हणजे थांबलात तर एक सुई वाढली. मूल न होण्याशी तिचा काही संबंध नाही. भारतातल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरखालोखाल हा गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे आणि लस देऊन टाळता येतो असे कॅन्सर आहेत तरी किती! पुण्याच्या सीरम कंपनीची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ पासून आलीय, बाहेरच्या लशींपेक्षा स्वस्त. आणि सुनेला सांगा, तिने स्वतःची या कॅन्सरसाठीची तपासणी करून घ्यावी, तिचं वय झालंच असेल त्याचं.

प्रश्न : मुलगी अकरावीला आहे, दादरला क्लासला जाते. डबा जसाच्या तसा परत आणते, म्हणते जाडी झालेय. वजन तर बरोबर आहे. ओरडले तर रडते.
— प्रभादेवी

उत्तर : ओरडू नका, आणि घरात तिच्या अंगाबद्दल कोण काय बोलतं ते आधी थांबवा, काकू, मावशी, भाऊ, सगळे. ‘काय गं सुटलीस’ हे वाक्य आपल्याकडे पाहुणे आल्या आल्या म्हणतात आणि पोरी ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. डब्याबद्दल रोज विचारू नका, रात्रीचं जेवण मात्र सगळ्यांनी एकत्र, टीव्ही बंद करून. वजन झपाट्याने उतरतंय, पाळी बंद झाली, जेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन उलटी काढते, चक्कर येते, यातलं काहीही दिसलं तर मग वाट बघायची नाही, डॉक्टर आणि समुपदेशक दोन्ही. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं, तुम्हीही करू शकता आणि तीही.

प्रश्न : मॅडम, मी रिक्षा चालवतो, मानखुर्दला राहतो. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी दहावीत, मुलगा सातवीत. मुलगी पहाटे साडेचारला उठून पाणी भरते, स्वैपाक करते, भावाचा डबा, मग शाळा. सहामाहीत दोन विषय गेले. बहीण म्हणते शाळेतून काढ, घरून १७ नंबर भर, आणि एक-दोन वर्षांत लग्नाचं बघ. मुलगी काही बोलत नाही, गप्प असते. बापाने मुलीशी कसं बोलावं तेच मला समजत नाही.
— एक वडील

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही विचारताय हेच खूप आहे.

तुमच्या मुलीला अभ्यास येत नाही असं नाहीये, तिला अभ्यासाला वेळच नाही. हिशोब करा. साडेचारला उठते, रात्री भांडी आवरून अकराच्या आधी काही झोपत नसेल, म्हणजे झोप साडेपाच तास. या वयात आठ ते दहा तास लागते. झोपेतच दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं होतं, ती झोप कापली की वाचलेलं वाया. अशा पोरीचे दोनच विषय गेले याचा अर्थ पोरगी हुशार आहे.

शाळेतून काढू नका. १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बोर्डाची परीक्षा देणं, ही चांगली सोय आहे, पण ज्यांची शाळा आधीच सुटलीय त्यांच्यासाठी. ही घरी बसली की पुस्तक फळीवर आणि दिवसभर काम, हे मी इतक्या मुलींचं बघितलंय. शाळेत निदान सहा तास ती विद्यार्थिनी असते. दोन विषयांची भीती तर अजिबात नको, बोर्डात राहिले तरी पुरवणी परीक्षा असते, एटीकेटी घेऊन, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला जाता येतं. आणि बहिणीला सांगा, अठराच्या आधी लग्न हा गुन्हा आहे, विषय तिथेच संपवा.

पैशाचं बघा. एक पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये, अठरा वर्षांपर्यंत. तुमची दोन्ही मुलं बसू शकतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायचा, बायकोचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, मुलांचे बोनाफाईड घेऊन जा. एक दिवस रिक्षा बंद ठेवावी लागेल, ठेवा. पुढे बारावीनंतर तिला इंजिनीअरिंग, फार्मसी असं काही करायचं असेल तर २०२४ पासून घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या मुलींची फी शासन भरतं, एससी-एसटीसाठी वेगळ्या योजना आहेतच. म्हणजे फीच्या नावाने तिला आत्ताच थांबवायचं कारण नाही.

मुलगा सातवीत आहे ना, मग पाणी उद्यापासून त्याने भरायचं. बारा वर्षांच्या मुलाच्या हाताला काही होत नाही. कुकर लावायला आठवड्यात शिकेल, तुम्हीही रात्री आलात की भाजी चिरून ठेवा. डबा रोज चपातीचाच हवा असं नाही, परीक्षेपर्यंत डाळभात, उसळ-पाव चालेल. आसपास मंडळाची किंवा पालिकेची अभ्यासिका असेल तर संध्याकाळी दोन तास तिला तिथे सोडा आणि आणायला स्वतः जा, रिक्षा तुमचीच आहे.

आणि बोलायचं कसं? समोर बसवून ‘बोल काय झालं’ असं विचारू नका, ती अजून गप्प होईल. रिक्षात घेऊन जा. तुमचं लक्ष रस्त्यावर, ती मागे बसलेली, अशा वेळी मुलं बोलतात. आधी तुम्ही तिच्या आईबद्दल बोला, दोन वर्षांत तुम्ही दोघं आईबद्दल बोललेलाच नसाल कदाचित. ती रडली तर रडू दे. पाळीबद्दल बोलणं जड जात असेल तर शाळेतल्या एखाद्या बाईंना भेटून सांगा की हिला आई नाही, जरा लक्ष ठेवा. पण पॅड मात्र तुम्ही स्वतः आणायचे, महिन्याच्या किराण्याच्या यादीत साबण-तेलाबरोबर, आणि काळी पिशवी न मागता आणून फळीवर ठेवायचे. तिला मागायला लागता कामा नये.